अबोल्यातले ड्रॅगन

७ ऑगस्ट २००५, रविवार

जमलं! समता आली, जेवली, गेली — आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. हुश्श.

सोपं नव्हतं. पोरगी वाळली आहे. इथे दिल्लीतच, मुनिरक्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत काय खाते कोण जाणे. "आणखी घे गं" ओठांवर आलं होतं. गिळलं. यांना म्हटलं, "वरण पुष्कळ आहे, कोणाला हवं असेल तर." हे म्हणाले, "कोणाला म्हणजे? टेबलावर आपण तिघंच आहोत, प्रभा." मी खिडकीतून मेट्रोचे खांब बघत बसले.

अबोला म्हणजे अबोला. केंद्र सरकारातली कायमची नोकरी, परीक्षा देऊन मिळवलेली — ती सोडून ही बाई कुठल्याशा तळमजल्यावरच्या प्रकाशन कंपनीत गेली. काम काय? तर ड्रॅगनच्या आणि अंतराळयानांच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या, आणि कुठली छापायची ते ठरवायचं! एकोणतीस वर्षांची घोडी. राजीनामा देऊन मग सांगायला आली. पेढे घेऊन. पेढे!

"आई, आता काळ बदललाय. सगळं खुलं झालंय." हो, दार खुलं झालंय — माणसाला बाहेर काढायला सोपं. माझ्या मंत्रालयात मला कोणी हात लावू शकलं नाही. कितीजणांच्या मनात होतं, तरी नाही.

जाताना टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवून गेली. "बाबांसाठी." यांच्यासाठी! सरकारी इंजिनियर माणूस. लग्नापासून यांना टेंडर सोडून काही वाचताना मी पाहिलेलं नाही.

९ ऑगस्ट

पुस्तक टेबलावरच. त्यावर यांनी चहाचा कप ठेवला! कप उचलला, पुस्तक पुसलं. नागपूरच्या आमच्या कॉन्व्हेंटात असं करणाऱ्या मुलीला सिस्टर बेनेडिक्टा उन्हात उभं करायच्या.

मुखपृष्ठावर ड्रॅगन. साहजिकच.

शत्रूचा अभ्यास करायला हरकत नाही. मुलीने पेन्शन कशासाठी सोडली, ते तरी कळावं.

१३ ऑगस्ट

नऊशे पानं. संपवलं.

सुरुवातीला नकाशा. नकाशात अकरा राज्यं, आणि नऊशे पानांत एकाही राज्यात कोणी स्वयंपाक करत नाही. मेजवान्या मात्र सतत चालू. भांडी कोण घासतं? नावं अशी की उच्चारताना जीभ अडकावी. ड्रॅगन दोनदा येतो, दोन्ही वेळा चुकीच्या माणसाला जाळतो.

आणि गोष्ट? एक अनाथ गुराखी पोरगा. हुशार, धीट, स्वतःच्या हिमतीवर तलवार शिकतो. मला आवडायला लागला होता, खरंच! मग सहाशेव्या पानाच्या आसपास कळतं — तो मुळात राजाचा मुलगा. म्हणजे हुशारी कमावलेली नाही, रक्तातली. मग इतर गुराख्यांचं काय? त्यांनी गुरं राखावीत!

पुस्तक आपटलं. हे दचकून जागे झाले. छप्पन साली नागपुरात माझ्या वडिलांनी ज्या गोष्टीकडे कायमची पाठ फिरवली, ती हे लोक सोनेरी अक्षरांत छापून विकतात — आणि आमची मुलगी त्यांना हातभार लावते! "मुळात कोण" हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारायचा नाही. ड्रॅगननेसुद्धा नाही.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, रविवार

नियम मोडला नाही. मी यांच्याशी बोलत होते. ती स्वयंपाकघरात होती, आणि आमच्या या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये भिंती किती पातळ आहेत तो माझा दोष नाही.

"अहो," मी म्हटलं, "काही लोकांना वाटतं की राजाच्या पोटी जन्मल्याशिवाय माणसाला अक्कल येत नाही."

आतून आवाज — "बाबा, आईला सांगा, तो पहिला भाग आहे. चौथ्या भागात कळतं की राजपुत्राची ती बातमी खोटी असते. प्रधानाने पसरवलेली."

"अहो, तिला सांगा, चौथ्या भागापर्यंत जगायची माझी इच्छा नाही."

"मी काय पोस्टमन आहे?" हे म्हणाले. "भात वाढा रे कोणीतरी."

जाताना आणखी एक पुस्तक. पुन्हा "बाबांसाठी". बाबा तेव्हा रेडिओ लावून घोरत होते.

१७ ऑगस्ट

पाणी नाही. सोसायटीत टँकर आला, बादल्या भरल्या. कंबर धरली. कंबर शेकत पुस्तक सुरू केलं. या वेळी अंतराळयान.

२६ ऑगस्ट

यानाचं पुस्तक पुन्हा चाळलं, अन्याय व्हायला नको म्हणून. माझं मत बदललं नाही.

हजारो माणसं एका यानात बसून निघाली आहेत. पोचणार त्यांचे पणतू. कल्पना चांगली, नाही म्हणत नाही. यानात बाग आहे, शाळा आहे, न्यायालय आहे. कप्तानाचा मुलगा कप्तान होतो, वैद्याची मुलगी वैद्य. हवा कशी शुद्ध होते यावर वीस पानं. यंत्रमानवसुद्धा नाहीत, सगळं माणसांनीच करायचं, अशी त्यांची शपथ आहे. ठीक. मग एवढ्या माणसांचे संडास कोण साफ करतं?

ते लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे कोण करतं ते मला कळलं. आणि त्यांची मुलं काय होणार, तेही.

पृथ्वी सोडली, सूर्य सोडला — बाकी सगळं बरोबर बांधून नेलं!

२८ ऑगस्ट, रविवार

वरचं सगळं यांना ऐकवलं. यांच्या पानात झुणका वाढत वाढत. मोठ्या आवाजात.

समता हातातला घास तसाच धरून बसली. मग म्हणाली, "बाबा... आईला सांगा, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या ऑफिसात कोणालाच नाही."

"ऐकलंस का," हे म्हणाले, "तिला सुचलं नव्हतं."

"मी बहिरी नाही."

"मग मला कशाला मध्ये घेता दोघी!"

आतून थोडी हलले. पण बोलले नाही. जिंकलेल्याने गप्प बसावं.

३ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरची अलका लिफ्टमध्ये भेटली. ही मूळची सोलापूरची, पण तोंडात निम्मी हिंदी. "प्रभाताई, समताने बढिया सरकारी जॉब सोडला म्हणे? और अब परीकथा छापते? यार, आजकालच्या मुलींना ना, बिल्कुल डोकं नाही!"

परीकथा! मी तिला सांगितलं, बाई, आज जे आहे ते उद्या तसंच राहील का, राहू द्यावं का, असा प्रश्न विचारणारं हे लिखाण आहे. तुझ्या टीव्हीवरच्या सासवा-सुनांना तो प्रश्न कधी पडलाय का? आणि कुठली गोष्ट लोकांच्या हातात जावी हे ठरवायला डोकं लागतं. लिफ्ट तळमजल्यावर पोचली, दार उघडून पुन्हा मिटलं, तरी मी बोलतच होते. अलका म्हणाली, "अच्छा अच्छा, चलो," आणि पळाली.

बरं झालं, हे बरोबर नव्हते.

९ सप्टेंबर

कालप्रवासाचं वाचलं. एक प्राध्यापक मागच्या काळात जातो आणि एका राणीला विषापासून वाचवतो. वाचवून तिच्या प्रेमात पडतो. राणी कोणाच्याही प्रेमात पडेल अशी मूर्ख. या कालप्रवाशांना मागे जायला मिळालं की सगळे राजवाड्यातच जातात. कोणी रेशनच्या रांगेत जात नाही.

मी कुठे गेले असते?

कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी. माझा शाळेचा पहिला दिवस. माझे बाबा गिरणीची पाळी करून तसेच आलेले. सायकल धरून रस्त्याच्या पलीकडे उभे, कारण फाटकातून आत गेलेलं चालतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मी गेले असते आणि म्हटलं असतं — चला आत. चालतं.

एवढंच. त्यात जगाचा इतिहास बदलला नसता. लेखकाला हे सुचायला काय हरकत होती!

११ सप्टेंबर, रविवार

प्राध्यापकाची यथेच्छ धुलाई केली, यांच्यामार्फत. फाटकाचं बोलले नाही. समता हसून हसून लाल. "बाबा, आईला विचारा, राणी मूर्ख नसती तर?" "तिला सांगा, तर राणीने ताटातलं आधी मांजराला खायला घातलं असतं, आणि पुस्तक बाराव्या पानावर संपलं असतं."

हेसुद्धा हसले. घरात तिघं एकदम हसण्याला बरेच दिवस झाले होते. मी लगेच भांडी आवरायला उठले. फार वेळ बसलं असतं तर गडबड झाली असती.

१६ सप्टेंबर

या वेळचं पुस्तक लहानसं. चित्र नाही, नकाशा नाही. तीन चंद्र असलेल्या कुठल्याशा जगात एक म्हातारी. गावच्या विहिरीत रोज दोर सोडून पाणी किती उरलं ते मोजते आणि गावाला सांगते. लोकांना खरं नको असतं. ती तरी खरंच सांगते. लढाई नाही, राजा नाही. बस, एवढंच.

पुन्हा वाचलं.

१८ सप्टेंबर, रविवार

जेवताना कोणी काही बोललं नाही. समताने विचारलं, "बाबा, ते पुस्तक... कोणी वाचलं का?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? सगळं बरोबर असलं की त्यात बोलायचं काय असतं? मी नुसती मान हलवली, तीही भाजीच्या दिशेने.

समताचा चेहरा पडला. बसचं निमित्त करून लवकर गेली. संध्याकाळी हे नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. घर खायला उठलं होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२५ सप्टेंबर, रविवार

पुन्हा एक भारा! सगळ्या आठवड्याचा संताप आज काढला. यात चारशे वर्षं जगलेला जादूगार आहे, त्याला सगळं माहीत आहे, आणि कोणी काही विचारलं की कोड्यात बोलतो. सरळ उत्तर दिलं असतं तर निम्मं सैन्य वाचलं असतं. आमच्या मंत्रालयात असे दोन सहसचिव होते. त्यांनाही लोक ज्ञानी समजायचे.

समता टेबलावर डोकं ठेवून हसत होती. "बाबा, हे मागच्या कव्हरवर छापता येईल का, आईला विचारा ना!"

छापा. मानधन घेईन.

बरं वाटलं आज. का कोण जाणे.

५ ऑक्टोबर

आताचं पुस्तक वाचताना तब्येत बिघडायची वेळ आली. लेखिका चांगली लिहिते, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी, म्हणून जास्त राग.

कुंभारवाड्यातली मुलगी. युद्धानंतर लोक तिला राणी निवडतात. निवडतात! रक्त नाही, भविष्यवाणी नाही. मी उठून बसले. म्हटलं, शेवटी एकाला तरी समजलं. तिच्या आजीला ज्या रस्त्याने चालू देत नव्हते, त्याच रस्त्याने ती राजवाड्यात जाते. तिथे मला पुस्तक खाली ठेवून चष्मा पुसावा लागला.

आणि शेवटच्या प्रकरणात? मुकुट काढते, खुर्चीवर ठेवते आणि नावेत बसून गाणी म्हणत निघून जाते. कारण — तिला "मोकळं व्हायचं" असतं.

कपाळ!

९ ऑक्टोबर, रविवार

मोडला. अबोला मोडला. माझ्या हातून.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. भाकरी थापत होते. मी यांना म्हटलं, "असल्या बाईला राणी करणाऱ्या लोकांचीच चूक." समता म्हणाली, "बाबा, आईला सांगा, तिला ते सिंहासन मुळात नकोच असतं." शांतपणे म्हणाली. तो शांतपणा मला झोंबला.

मी वळले, हाताला पीठ तसंच. "नको म्हणायला आधी हातात यावं लागतं, समता! तुझ्या आजोबांच्या हातात आलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं का? फाटकातून आत जायला घाबरत होते ते! आणि तू खुर्चीवरून उठून चालू लागलीस — मोकळं व्हायला! तुला काय कळणार गं!"

यांचा चमचा हवेतच राहिला.

मग कळलं काय झालं ते. तोंडावर हात ठेवला. तोंडाला पीठ.

समता रडली नाही. मला वाटलं रडेल. म्हणाली, "आजोबांनी नसतं म्हटलं, आई. त्यांना सोडणं परवडलंच नसतं. मला परवडलं, ते तुमच्यामुळे. पण मी नावेत बसून गाणी म्हणत नाहीये. मी तिथे बसून ठरवते — हे पुस्तक लोकांनी वाचावं, हे नाही. आपल्या घरात हे कोणी केलंय आधी? इतकी वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेलंच वाचलं ना आपण?"

ओट्यावरच्या फडक्याने तोंडावरचं पीठ पुसलं.  

"आणि उद्या काढून टाकलं तर?"

"तर इथे येईन. ठेवशील?"

"वेडी आहेस का? नाहीतर कुठे जाणार आहेस? मयूर विहारला तुझ्या त्या कंजूष आत्याकडे?"

"अहो, माझी बहीण आहे ती," हे म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग तव्यावरची भाकरी जळली. मग आणखी बोललो. संध्याकाळचा चहा झाला तरी बोलत होतो. त्या राणीबद्दल अजून आमचं पटलेलं नाही, आणि नोकरीबद्दलही नाही. तिला तोंडावर सांगितलं — घोडचूक केलीस. तीही म्हणाली — माहीत आहे तुला तसं वाटतं. पण हे सगळं तोंडावर! यांच्यामार्फत नाही. हे चक्क फिरायला निघून गेले, पोस्टमनला सुट्टी मिळाल्यासारखे.

जाताना तिच्या पिशवीत भाकऱ्या कोंबल्या. "आई, बसमध्ये तुटतील." तुटलेल्या खा!

हरले आहे. सगळ्या सोसायटीत माझ्याइतका ताठ कणा कोणाचा नाही असं मला वाटत होतं. मग हे इतकं हलकं कशामुळे वाटतंय? डोक्यावरून पाण्याची बादली उतरवल्यासारखं.

१० ऑक्टोबर

गाढ झोप. हे म्हणतात, घोरत होतीस. खोटं आहे.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. खीर केली. समताने रजा टाकली होती. खाजगी कंपनीत मागावी लागते, मिळाली म्हणे. तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, तिघांनी वंदना म्हटली. तिला अजून सगळी येते. मी मध्ये एका ओळीला अडखळले, तिने पुढे नेलं.

मग दिवसभर वाद. गुराख्याचं, यानाचं, पुन्हा पहिल्यापासून. आता मधला माणूस नसल्यामुळे दुप्पट वेगाने. ती म्हणाली, यानातल्या संडासांचं तिने ऑफिसात सांगितलं, तेव्हापासून कोणतंही अंतराळयान आलं की तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात. मी म्हटलं, मला काय मोठं कौतुक! पण खीर तिला आणखी वाढली.

१६ ऑक्टोबर, रविवार

शेवटी विचारलंच — "समता, तुमच्या त्या कंपनीत सगळी रद्दीच येते का गं? ती विहिरीवरची म्हातारी सोडली तर इतक्या दिवसांत एक तरी धड पुस्तक आणलंस का घरी?"

बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. समता ओठ दाबून ताटात बघायला लागली.

हे म्हणाले, "चांगली पुष्कळ आहेत, प्रभा. मुनिरक्याच्या खोलीत ढीग लावलाय तिने तुझ्यासाठी. ती आणायची नाहीत असं आमचं ठरलं होतं. चांगलं पुस्तक वाचलं की तू गप्प बसतेस."

वाढपाचा डाव हातात धरून मी उभी.

"आणि एकदा चुकून आलं होतं," समता म्हणाली, "तर आई, मला वाटलं, संपलं आता सगळं."